गवती चहा, सोनं आणि एक गाठ

"बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही म्हण आम्हा परभणीकरांना जन्मभर ऐकावी लागते. बाहेरची माणसं हसून ऐकवतात आणि आम्हीही हसून ऐकतो. पण घरात मोठं आजारपण आलं की माणसं नेमकी याच हिशेबाने वागायला लागतात, हे मी फार जवळून पाहिलंय. हे करून बघू, ते करून बघू. जमलं तर जमलं.

काही महिन्यांपूर्वी सेलूहून चुलत पुतण्याचा फोन आला. आमच्या वहिनींना छातीत गाठ निघाली होती, तपासणीत ती कर्करोगाची ठरली होती आणि मुंबईची तारीखही मिळाली होती. पण मध्येच कुणीतरी एक कागद आणून दिला. त्यावर 'नॅनो सुवर्ण' असं एक औषध, महिन्याचा खर्च अठरा हजार, आणि ऑपरेशनची गरज नाही असं लिहिलेलं. पुतण्या म्हणाला, "काका, ते म्हणायलेत की आपल्या पूर्वजांचंच शास्त्र आहे, आता अमेरिकेवालेही तेच करायलेत. खरं आहे का हे? मुंबईला जायचं थांबवू का?"

नातेवाईक मंडळी हे वाचतात, म्हणून आधीच सांगतो. वहिनी ठरलेल्या तारखेला मुंबईला गेल्या आणि त्यांचे उपचार नीट चालू आहेत. पण पुतण्याचा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. त्या कागदावरची दोन्ही वाक्यं निव्वळ खोटी नव्हती, हीच खरी अडचण होती. आपल्याकडे सोन्याचं भस्म शतकानुशतकं वापरात आहे हे खरं. परदेशात सोन्याचे सूक्ष्म कण कर्करोगावर वापरून बघतायत हेही खरं. मग खोटं काय? पदवीपर्यंत रसायनशास्त्र शिकून मी पुढे बँकेत आयुष्य काढलं, पण निवृत्तीनंतर वेळ हाताशी आहे. म्हणून जरा खोलात शिरलो. त्याचा हा गोषवारा.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. रसशास्त्राचे ग्रंथ सुवर्णभस्माची कृती सविस्तर देतात. 'रसरत्नसमुच्चय' त्यातला प्रसिद्ध. आधी शोधन करायचं. म्हणजे सोन्याचा पातळ पत्रा तापवून तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाचा काढा यांत पुन्हा पुन्हा विझवायचा. मग पारा, गंधक वगैरेंबरोबर खलायचं, मातीच्या दोन परळांत बंद करायचं आणि गोवऱ्यांच्या आगीत पुटं द्यायची. शेवटी तांबूस-तपकिरी भुकटी हाती येते. ती तयार झाली की नाही हे ओळखायच्या कसोट्या मला फार आवडल्या. भस्म पाण्यावर तरंगलं पाहिजे, ते वारितर. बोटांच्या रेषांत जाऊन बसलं पाहिजे, ते रेखापूर्ण. उन्हात चकाकता कामा नये, ते निश्चंद्र. आणि पुन्हा तापवलं तर त्याचा मूळ धातू होता कामा नये, ते अपुनर्भव. सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळात कण किती बारीक झाला हे तपासायची याहून चांगली युक्ती मला तरी सुचत नाही.

२००७ साली 'गोल्ड बुलेटिन' या नियतकालिकात सुवर्णभस्माची आधुनिक उपकरणांनी केलेली तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात सोन्याचे गोलसर कण सापडले, सरासरी माप ५६ ते ५७ नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. तेव्हा पूर्वजांनी नॅनोकण बनवले होते या म्हणण्यात तथ्य आहे. पण याच ग्रंथांत सुवर्णभस्म सांगितलंय ते बल वाढवायला, क्षयासारख्या झिजवणाऱ्या रोगांवर, बुद्धीसाठी, रसायन म्हणून. आणि ते पोटात घ्यायचं. सोन्याचे कण गिळले तर आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरतात, बाकीचे आले तसे निघून जातात. ५६ नॅनोमीटर हे झालं माप. त्या मापाचा कण छातीतल्या गाठीपर्यंत जातो का आणि गेलाच तर तिथे काय करतो, याचं उत्तर मापातून मिळत नाही. सराफाकडे कस लावून सोनं शुद्ध ठरतं, पण पाटल्या हातात बसतील की नाही ते कसोटीचा दगड सांगत नाही. तसंच आहे हे.

आता जरा लंडनला जाऊ. साल १८५७. आपल्याकडे उठावाचं वर्ष. त्याच वर्षी मायकेल फॅरडेने रॉयल सोसायटीपुढे सोन्यावर एक व्याख्यान दिलं. सोन्याच्या क्षारात फॉस्फरस घालून त्याने एक द्रव बनवला होता. तो पिवळा नव्हता, माणकासारखा लाल होता. फॅरडेने ओळखलं की सोनं यात विरघळलेलं नाही, डोळ्याला न दिसणाऱ्या कणांच्या रूपात तरंगतंय, आणि रंग बदलतोय तो कणांच्या आकारामुळे. त्याच्या त्या बाटल्यांपैकी काही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजूनही जपून ठेवल्या आहेत. पुढे १९०८ मध्ये गुस्ताव मी या जर्मन शास्त्रज्ञाने त्या रंगामागचं गणित मांडलं. थोडक्यात सांगायचं तर इतक्या छोट्या कणातले इलेक्ट्रॉन प्रकाश पडताच एकत्र झुलायला लागतात आणि विशिष्ट रंगाचा प्रकाश गिळतात. गिळलेल्या प्रकाशाची उष्णता होते. कर्करोगाच्या बाबतीत पुढे हाच मुद्दा कामी आला.

दुसरी गंमत पृष्ठभागाची. मी कागद-पेन घेऊन हिशोब केला. दहा ग्रॅम सोन्याचे ५० नॅनोमीटरचे गोल कण केले तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग सुमारे ६२ चौरस मीटर भरतो, म्हणजे साडेसहाशे चौरस फुटांच्या वर. अंगठीएवढ्या सोन्यात एका फ्लॅटची फरशी! या फरशीवर औषधाचे रेणू चिकटवून पाठवता येतात, ही नॅनोकणांची दुसरी मोठी सोय.

कर्करोगावर सोन्याचे कण पहिल्यांदा गंभीरपणे वापरले गेले ते या दोन्ही गुणांमुळे नव्हे, तर किरणोत्सारासाठी. अणुभट्टीत सोन्याचं सोनं-१९८ हे किरणोत्सारी रूप करता येतं. त्याची तीव्रता दर २.७ दिवसांनी निम्मी होते. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत या सोन्याचे कण द्रवात मिसळून रुग्णांना द्यायला सुरुवात झाली आणि पुढच्या दशकात ही पद्धत पसरली. कर्करोगामुळे पोटात किंवा फुप्फुसाच्या आवरणात पाणी साचतं, तिथे ते टोचत. काहींना आराम पडे. पण आतड्यांना इजा होण्याचे प्रकार घडले आणि पद्धत मागे पडली. रक्तात टोचलेले हे कण जात कुठे, तर बहुतेक सगळे यकृतात. इतके नेमाने, की पुढे डॉक्टर मंडळी यकृताचं चित्र काढायलाच हे सोनं वापरू लागली. रक्तात आलेला परका कण पकडून ठेवणं हे यकृताचं आणि प्लीहेचं कामच आहे. १९५० च्या दशकात मिळालेला हा धडा पुढे पुन्हा एकदा शिकावा लागला.

आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं? दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्या दुःखातून जे उभं राहिलं त्यातलं एक म्हणजे परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेलं. १९५६ साली तुर्भ्याला 'अप्सरा' अणुभट्टी चालू झाली आणि १९६२ मध्ये टाटा रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे आलं. आमच्याकडे 'टाटाला नेलं' म्हटलं की पुढे काही विचारायची गरज नसते. त्या नावामागे हा इतिहास आहे.

१९८६ साली जपानमधल्या माएदा आणि मात्सुमुरा यांनी एक निरीक्षण मांडलं. गाठ घाईघाईने वाढते, त्यामुळे तिच्या रक्तवाहिन्या कच्च्या असतात, भिंतींना फटी असतात. मोठे रेणू त्या फटींतून आत झिरपतात आणि तिथेच अडकतात. झालं! नॅनोकण बनवणाऱ्या सगळ्यांना जणू गाठीचं दारच सापडलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात नेओमी हलास यांनी वाळूच्या जातीच्या कणावर सोन्याचा पातळ थर चढवला. त्या थराची जाडी बदलली की कण कोणता प्रकाश गिळेल ते ठरवता येतं. त्यांनी अवरक्त प्रकाश निवडला, कारण तो मांसातून काही सेंटिमीटर आत जातो. कण गाठीत पोचवा, बाहेरून लेसर टाका, गाठ आतून भाजेल, अशी ही कल्पना.

याच काळात पुण्यात जे घडलं ते वाचून मला खरा आनंद झाला. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि अबसार अहमद यांचा गट सोन्याचे कण विषारी रसायनांशिवाय बनवता येतील का, हे बघत होता. त्यांनी वनस्पती घेतल्या. जिरेनियमची पानं, कडुनिंबाची पानं, चिंचेचा पाला, आवळा. आणि गवती चहा! २००४ साली 'नेचर मटेरिअल्स'मध्ये त्यांचा लेख आला. त्यात शिव शंकर, अखिलेश राय, बालप्रसाद अंकमवार आणि अमित सिंग हे सहकारी होते. गवती चहाच्या अर्कात सोन्याचा क्षार घातला की साध्या खोलीच्या तापमानाला सोन्याचे चपटे त्रिकोण तयार होतात, आणि ते अवरक्त प्रकाश जोरात गिळतात. परभणीत आमच्या न्हाणीघराच्या सांडपाण्यावर वाढणारा गवती चहा, आणि तो सोन्याला त्रिकोणी करतो!

पण हे वाचून घरी गवती चहात अंगठी उकळायला जाऊ नका. धातूचं सोनं त्यात ढिम्म हलणार नाही, त्याचा क्षार लागतो. आणि या त्रिकोणांनी कुणा रुग्णाला बरं केलेलं नाही, शास्त्री आणि मंडळींनी तसा दावाही केला नाही. उलट पुण्यातल्याच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राबरोबर त्यांनी २००५ साली वेगळाच प्रश्न हाती घेतला. सोन्याचे कण पेशीत शिरल्यावर कुठे जातात, पेशीला त्रास देतात का? औषधाच्या आधी हा प्रश्न विचारणं, हे मला त्या कामातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटलं.

पुढची पायरी मुंबईत झाली. पवईची आयआयटी आणि खारघरचं टाटांचं संशोधन केंद्र यांनी मिळून २०१५ साली एक काम प्रसिद्ध केलं. मेदाच्या सूक्ष्म फुग्यांवर त्यांनी सोनं चढवलं. रोहित श्रीवास्तव आणि अभिजित डे हे त्यातले ज्येष्ठ. उंदरांच्या गाठीत हे कण घालून लेसर दिला की गाठ भाजते आणि नंतर फुगा फुटून सोन्याचे इतके छोटे तुकडे होतात की ते मूत्रपिंडातून बाहेर पडू शकतात. यकृतात अडकून बसायच्या जुन्या दुखण्यावरचा हा उपाय. मात्र तो उंदरांतला.

मग माणसांचं काय? तर जे झालंय ते असं. सोन्याच्या कणांना एक जहाल प्रथिन चिकटवून ते रक्तातून द्यायची अमेरिकेतली पहिली चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. नुसतं ते प्रथिन जेवढं झेपत नाही त्याच्या कितीतरी जास्त मात्रा रुग्णांना झेपली. पण ते औषध आजवर दुकानात आलेलं नाही. हलास यांच्या कणांनी प्रोस्टेटच्या कर्करोगावर केलेली १६ रुग्णांची चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. १५ जणांचा उपचार पूर्ण झाला आणि गंभीर त्रास कुणाला झाला नाही. उत्साह वाटावा असं आहे, पण १६ म्हणजे एका जीपमध्ये कोंबून बसवता येतील एवढे रुग्ण. लोखंडाच्या संयुगाचे कण मेंदूतल्या गाठीत टोचून चुंबकीय क्षेत्राने तापवायची जर्मन पद्धत युरोपात २०१० साली मंजूर झाली, आणि ती बनवणारी कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. सर्वात ठोस निकाल मला सापडला तो हाफ्नियम नावाच्या जड धातूचा. त्याच्या ऑक्साइडचे कण थेट गाठीत टोचायचे आणि मग नेहमीचे किरण द्यायचे. स्नायू-मेदाच्या कर्करोगाच्या १८० रुग्णांत पाहिलं तेव्हा १६ टक्के रुग्णांची गाठ पूर्णपणे निष्प्राण झाली होती. नुसत्या किरणांनी हे प्रमाण ८ टक्के होतं. २०१९ साली युरोपने त्याला मान्यता दिली. इथे दुप्पट फायदा दिसतो. पण बारकाईने बघा, इथे किरण आहेत, नंतर ऑपरेशनही आहे. कण आहे तो मदतनीस.

आणखी एक गोष्ट लक्षात आली का? चांगले निकाल आले त्यातल्या बहुतेक ठिकाणी कण थेट गाठीत सुईने घातलेले आहेत किंवा लेसर नेमका गाठीवरच रोखलेला आहे. रक्तात सोडून 'जा बाबा, शोध गाठ' असं म्हटल्यावर काय होतं, त्याचा हिशोब २०१६ साली टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने मांडला. दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग त्यांनी एकत्र केले. दिलेल्या कणांपैकी गाठीत पोचले मध्यमानाने ०.७ टक्के. परभणीहून हजार माणसं मुंबईच्या गाडीत बसवली आणि मुंबईला उतरली सात, असा प्रकार. बाकीची मनमाडलाच उतरली. हे मनमाड म्हणजे आपलं यकृत. सोनं-१९८ ने पन्नासच्या दशकात सांगितलं होतं तेच पुन्हा.

म्हणून पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं असं झालं. कण सोन्याचा आहे की लोखंडाचा, प्राचीन आहे की अमेरिकन, हा प्रश्न दुय्यम आहे. तो पोचतो का, पोचून काय करतो, आणि काम झाल्यावर बाहेर कसा पडतो, हे तीन प्रश्न खरे. ते किती माणसांमध्ये तपासले, हा चौथा. फॅरडेपासून खारघरपर्यंत सगळी प्रामाणिक माणसं याच प्रश्नांशी झटली. अठरा हजारांच्या त्या कागदावर यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं. भस्माच्या त्या देखण्या कसोट्यांतून प्रत्येक पुडी जाते असंही नाही. २००४ साली अमेरिकेत बॉस्टनमधल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. आणि कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. असा कागद हातात देणाऱ्याला त्या कायद्याचं नुसतं नाव घेऊन बघा.

वैद्यांशी माझं भांडण नाही. पथ्य, भूक, झोप, मनाला धीर यासाठी घरच्या वैद्यांचा आधार आमच्या कितीतरी माणसांनी घेतलाय, उपचारांच्या बरोबरीने आणि डॉक्टरांना सांगून. भांडण आहे ते 'ऐवजी' या शब्दाशी. आज दोन सेंटिमीटरची असलेली गाठ सहा महिने सोन्याची वाट बघत थांबत नाही.

पोचण्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या भागातलीच एक गोष्ट सांगून थांबतो. १९९९ पासून बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, टाटा रुग्णालय आणि जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ४९७ गावांमध्ये एक अभ्यास केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी विषाणूची एक तपासणी, तीही आयुष्यात एकदाच. २००९ साली निकाल आला. ज्या गटाची ती तपासणी झाली, त्यात पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. तिथे सोनं नव्हतं, लेसर नव्हता. गावात गाडी जात होती आणि बायका तपासायला येत होत्या. आपल्यासारखीच गावं, आपल्यासारखीच शेतं, आपल्यासारख्याच संकोच करणाऱ्या बायका.

पवई-खारघरच्या मंडळींना यश यावं असं मला मनापासून वाटतं, आणि एक दिवस सोन्याचा कण परभणीच्या रुग्णालयातही टोचला जाईल असा माझा अंदाज आहे. तोवर घरातल्या चाळिशी ओलांडलेल्या बायकांना एकदा तपासणीला घेऊन जा. सेलूच्या आमच्या दोन्ही सुना जाऊन आल्या. जिंतूर आणि गंगाखेडकडच्या मंडळींनी अजून कळवलेलं नाही, त्यांनी हे वाचून मला फोन करावा. असो. फार लांबलं.